बिनधुळीची जीप

"साहेब, मी एकदा हात घालून पाहू काय आत?"

देविदासभाऊंनी हे विचारलं तेव्हा मी रिपोर्टवर सही करून पेनाचं टोपण लावत होतो. शिक्का तेवढा बाकी होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, यवतमाळचं ऊन, आर्णी रोडवरचं किशोरचं जुन्या गाड्यांचं आवार. सकाळपासून त्या जीपच्या खाली-वर करूनही माझा पांढरा शर्ट पांढराच राहिला होता, याचं मला कौतुक वाटत होतं.

"कुठं हात घालता? इंजिनात?" मी विचारलं.

"नाई नाई. गाडीच्या पोटात."

"काहून?"

"असंच. सवय हाय."

मला हसू आलं, आणि खरं सांगतो, रागही आला. अठरा वर्षं मी हेच काम करत होतो. माझ्या सहीनंतर कोणी गाडीत हात घालून पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे राग कशाचा ते कळेल. मी सर्व्हेअर. जमीन मोजणारा नव्हे, गाड्यांचा. अपघात झाला की विमा कंपनी मला पाठवते. काय मोडलं, किती मोडलं आणि मालक खरं बोलतो की थापा मारतो, एवढं मी पाहून लिहून द्यायचं. मधल्या वेळात मी व्हॅल्युएशन करतो. म्हणजे कोणी जुनी गाडी घेत असेल, तर ती कशी आहे आणि तिची लायकी काय, याचा रिपोर्ट. पतसंस्था असा रिपोर्ट पाहिल्याशिवाय कर्ज देत नाही. माझ्या फॉर्मवर बेचाळीस रकाने होते. त्या जीपचे बेचाळीसच्या बेचाळीस रकाने मी भरले होते आणि खाली लिहिलं होतं, 'स्थिती उत्तम'.

देविदासभाऊ घेणारे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगात धुतलेला सदरा, बोलणं कमी. त्यांचं खेडं फुलसावंगीच्या पलीकडे. बावीस हंगाम ते एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना, आणि ग्रेडर म्हणजे आलेल्या बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, कापूस हाताने पाहून त्याची प्रत ठरवणारा माणूस. कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि एकेक जिनिंगला कुलूप लागत होतं. त्यांच्याही जिनिंगला लागलं. माणूस घरी बसला.

त्यांच्या मुलीने त्याच वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. खेड्यातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या मिळून अशा आठ मुली. अकरावीचं कॉलेज फुलसावंगीला, सकाळी साडेसातला. एसटी यायची दहा वाजता. आठ घरांनी ठरवूनच टाकलं होतं की पोरींनी आता घरी बसायचं. तेव्हा देविदासभाऊ म्हणाले, मी जीप घेतो, रोज नेतो, रोज आणतो. जिनिंगचा ट्रॅक्टर आणि ट्रक त्यांनी चालवलेला होता, लायसन होतं. घरोघरचे बाप तयार झाले, पण एका अटीवर.

"म्हणे देविदास स्वतः चालवत असन तरच," सकाळी चहा पिताना त्यांनी मला सांगितलं होतं. "दुसरा डायवर नाई पाहिजे. तांड्यावरच्या एका बाईनं त मायाच हात धरला. म्हणे, भाऊ, पोट्टी तुह्या भरोशावर हाय. आता तुमीच पाहा साहेब, गाडी बराबर हाय की नाई. मले कापसातलं समजते, लोखंडातलं नाई समजत."

जून उजाडायला चार दिवस होते आणि इसार देऊन झाला होता. म्हणून ते फुलसावंगीहून एसटीने आले होते, आणि म्हणून मी होतो.

आता त्या जीपकडे वळू. नऊ सीटची डिझेल जीप, पांढरी, चकचकीत. ठाण्याचं पासिंग. किशोर, म्हणजे ज्याचं ते आवार, तो बोलायला पटाईत. त्याने पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं, "डॉक्टरची गाडी हाय साहेब. डॉक्टर गेला अमेरिकेले. गाडी शेडमधी उभीच."

जुन्या गाड्यांच्या बाजारात जेवढे डॉक्टर भेटतात, तेवढे आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांत भेटले असते तर फार बरं झालं असतं. मी त्याला तसं म्हटलंही. तो खो खो हसला. पण मी गाडी पाहायला लागलो आणि मनात म्हटलं, हा या वेळी खरं बोलतोय की काय!

कारण माझी एक खास पद्धत आहे. कुठलीही गाडी आली की मी आधी तिची धूळ पाहतो. बाहेरची नाही, ती कोणीही धुतो. बॉनेटच्या बिजागरीत, डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या रुळांत जी बसलेली असते ती. धूळ खोटं बोलत नाही. राजूर-वणीकडे फिरलेल्या गाडीत कोळशाची काळी पूड सापडते, बोटाला लागली की साबणानेही जात नाही. मुकुटबनकडची पांढुरकी, चुनखडीची. जिनिंगच्या फेऱ्या मारलेल्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये रुईचे तंतू अडकलेले असतात. एकदा एका गृहस्थाने 'आमची घरची गाडी, फक्त लग्नाला काढतो' असं छातीठोकपणे सांगितलं आणि मी त्याच्या फिल्टरमधून मूठभर कोळसा काढून त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, लग्न खाणीत होतं का हो?

तर या जीपमध्ये धूळच नव्हती. बिजागरीत नाही, रुळांत नाही, कुठेच नाही. इतक्या वर्षांत मी अशी गाडी पाहिली नव्हती. नवल वाटलं आणि त्या नवलाला मी 'डॉक्टर' असं उत्तर देऊन मोकळा झालो.

बाकी सगळं शिस्तीत पाहिलं. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, कागद ठेवून पेन्सिलने घासून उतरवला आणि आरसी बुकाशी ताडला. जुळला. दरवाजांचे रबर मागे सारून पत्रा पाहिला. अपघात झालेल्या गाडीत तिथे वेल्डिंगच्या खुणा असतात, इथे नव्हत्या. गरम इंजिनावर तेलाचं झाकण उघडून पाहिलं. थकलेलं इंजिन असेल तर तिथून भकाभक धूर येतो. आला नाही. खाली शिरलो तर ताजा काळा डांबरी रंग मारलेला. वाटलं, डॉक्टरने गंजू नये म्हणून मारून घेतला असेल. गोधणी रोडपर्यंत चालवून आणली. ब्रेक लागले, स्टिअरिंग ओढलं नाही.

एक गोष्ट खटकली होती, तीही सांगतो. विम्याची पॉलिसी आदल्या ऑगस्टपासून बंद होती. मी किशोरला विचारलं तर तो म्हणाला, "मालकच नाई इथं, त विमा कोण भरन?" मला पटलं. विम्याच्या धंद्यातला माणूस मी, आणि मला पटलं! आजही आठवलं की स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

तर एवढं सगळं झाल्यावर हे देविदासभाऊ म्हणत होते, पोटात हात घालू काय.

"घाला बाप्पा," मी म्हटलं. "तुमच्या पैशाची गाडी. घाला."

किशोर म्हणाला, "काका, कापसाची बंडी नोय हे."

देविदासभाऊंनी सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली, मागच्या सीटवर गुडघा टेकला आणि बाजूच्या रेक्झिनच्या पॅनलची एक सैल कडा शोधून काढली. तिथून हात आत सरकवला. मनगट गेलं, कोपर गेलं. डोळे त्यांचे दुसरीकडेच, निंबाच्या झाडाकडे. डॉक्टर नाडी पाहतो तसा चेहरा.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" मला राहवेना.

"बंडी येते न साहेब जिनिंगमधी, तिच्या वरचा कापूस कधीच पाहाचा नाई. वरतून सगळेच पांढरा टाकते. लोकं वजन वाढवाले आतल्या कापसाले पाणी मारते. म्हणून हात घालाचा कोपरापर्यंत, अन् पोटातला माल काढाचा." मग म्हणाले, "अन् एक सांगू? वरतून लय पांढरी बंडी आली की मले पहिले तिचाच डाऊट येये. तुमी सकाळी म्हणून राह्यले होते न, धूळच नाई म्हणून? तवापासून मनात होतं."

त्यांनी हात बाहेर काढला. मुठीत करड्या रंगाचा एक लगदा होता. गाडीच्या पत्र्याच्या आत, आवाज येऊ नये म्हणून, फेल्टचा जाड थर चिकटवलेला असतो. नमद्यासारखा. चिंध्या आणि टाकाऊ कापूस दाबून तो बनवतात. मला हे माहीत होतं. पण तो कापूस आहे, या दृष्टीने मी त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. देविदासभाऊ मात्र त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होते.

त्यांनी तो मुठीत दाबला, मूठ उघडली आणि तळहात माझ्यासमोर धरला.

"पाहा."

"काय पाहू?"

"फुलते काय?"

गोळा तसाच पडून होता. त्यांनी पुन्हा आत हात घातला. या वेळी बराच वर, खिडकीच्या चौकटीपाशी. तिथला तुकडा काढला, दाबला, मूठ उघडली. तो तुकडा हळूहळू सुटला, फुगला आणि तळहातावर पसरला.

"हा कोरडा राह्यलेला कापूस," ते म्हणाले. "अन् हा भिजून वाळलेला. एकदा पाण्यात राह्यला की कापूस मुठीत फुलत नाई. किती बी वाळवा. एकाच गाडीत दोन माल हाय साहेब."

किशोर पुढे आला. "काच उघडी राह्यली असन काका. पावसाचं पाणी गेलं असन."

मीही तेच म्हणणार होतो. पण देविदासभाऊंनी खालचा तुकडा फाडला आणि त्यातून पिठासारखी माती भुरभुर खाली पडली. पावसाच्या पाण्यात माती नसते.

आता मी खरा जागा झालो. म्हटलं, "भाऊ, हा कापूस कुठपर्यंत बिघडलेला आहे, हाताने सांगता येईल का?"

"येईन न."

ते आतून चाचपत गेले आणि बाहेर मी खडूने खूण करत गेलो. डावीकडे मागे, उजवीकडे मागे, मग मी दोन्ही पुढच्या दरवाजांची पॅनल स्क्रू काढून मोकळी केली, तिथे. चार खुणा झाल्या. मी टेप काढली आणि जमिनीपासून प्रत्येक खूण मोजली. चारही एका उंचीवर. बोटभराचाही फरक नाही.

काचेतून गळलेलं पाणी एका बाजूला ओघळतं. चारी बाजूंनी एकाच रेषेत फक्त उभं पाणी राहतं. ही जीप सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती.

पण कुठल्या पाण्यात? मला आता काही सुचेना, दुसरं काही दिसेना. ड्रायव्हरच्या सीटबेल्टचं टोक धरून मी तो ओढत राहिलो. आपण बेल्ट लावतो तेव्हा त्याचा शेवटचा हातभर भाग कधीच बाहेर येत नाही, चक्रीत गुंडाळलेला राहतो. गाडी धुणाऱ्याचाही हात तिथे पोचत नाही. ती शेवटची पट्टी बाहेर आली आणि ती मातकट होती, मधोमध चिखलाची वाळलेली वेलांटी. फ्यूजचा डबा उघडला, तांब्याच्या टोकांवर हिरवी बुरशी. दरवाजाच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती बुजलेली. स्क्रूड्रायव्हरने टोकरली तर वाळलेल्या चिखलाची अख्खी वडी बाहेर आली.

ती मी हातात घेतली. आणि इथे मात्र माझी विद्या कामाला आली. आमच्या जिल्ह्यातली माती मी डोळे मिटून ओळखतो. ही काळी नव्हती, चुनखडीची नव्हती, कोळशाची नव्हती. राखाडी होती, चिकट, आणि पार वाळून गेली तरी तिला घाण वास होता. नाल्याचा, खारट, कुजका.

"ही आपल्या जिल्ह्यातली माती नाही," मी म्हटलं.

आणि मग ठाण्याचं पासिंग, ऑगस्टपासून बंद पडलेली पॉलिसी आणि आदल्या पावसाळ्यात पेपरात पाहिलेले बुडालेल्या मुंबईचे फोटो, हे सगळं एकदम डोक्यात येऊन बसलं. त्या पुरात तिकडे हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. विमा कंपन्यांनी त्यांचे पैसे देऊन टाकले होते. त्याला आम्ही 'टोटल लॉस' म्हणतो, म्हणजे कंपनीच्या लेखी गाडी मेली. मेलेली गाडी कंपनी भंगाराच्या भावात विकते. भंगारवाला ती घेतो, धुतो, पुसतो, खालून डांबरी रंग मारतो आणि अशा ठिकाणी विकतो, जिथे बुडालेली गाडी कशी दिसते हे कोणाला माहीत नसतं.

म्हणजे आमच्याकडे. आमच्याकडे गाड्या झाडाला आपटतात, रोह्याला, म्हणजे नीलगाईला, धडकतात, उन्हात पेट घेतात. बुडालेली गाडी मी अठरा वर्षांत एक पाहिली नव्हती. ज्याने ती धुतली, त्याने चिखलासोबत धूळही धुऊन काढली होती. आणि धूळ नाही म्हणून खूश होणारा शहाणा मी!

किशोरचा चेहरा पडला होता, पण हार मानेल तर तो किशोर कसला. "साहेब, भिजली असन. मी कोठी नाई म्हणतो? मले बी नागपूरच्या पार्टीनं असंच सांगून देल्ली, आईची शपथ. पण आता त वाळली न! ओला शर्ट वाळला की माणूस घालतेच न?"

"शर्टाले ब्रेक नसते बाप्पा," देविदासभाऊ शांतपणे म्हणाले.

हे ऐकून मी पुन्हा गाडीखाली शिरलो. या वेळी पटाशी घेऊन. ब्रेकचं तेल पुढून मागच्या चाकांपर्यंत एका बारीक लोखंडी नळीतून जातं. आपण पेडल दाबतो तेव्हा त्या तेलाच्या जोरावर ब्रेक लागतो. नळी फुटली तर तेल सांडतं आणि पेडल नुसतं खाली जातं. सांगाड्याला धरून गेलेल्या त्या नळीवरही डांबरी रंग होता. सकाळी मी तो पाहून 'छान' म्हणालो होतो. आता पटाशीने खरवडला. रंगाच्या खाली लोखंड नव्हतं, गंजाचे पापुद्रे होते, खारी बिस्किटासारखे.

बाहेर येऊन मी म्हटलं, "किशोर, गाडीत बस."

"काहून?"

"बस म्हणतो ना! आवारातल्या आवारात चालव. हळू. आणि ब्रेक दाब. मी सांगेन तेवढ्या वेळा, मी सांगेन तेवढ्या जोरात."

"सकाळी तुमीच दाबले न साहेब? लागले न?"

"मी शहरातल्यासारखे दाबले. समोर पोरगं आलं की माणूस दाबतो तसे दाब. गाडी चांगली आहे ना तुझी?"

तो चिडून बसला. आवार मोठं होतं, शेवटी बांधकामाची रेती पडलेली. पहिल्यांदा दाबला, गाडी जागेवर उभी. माझ्याकडे पाहून हसला. दुसऱ्यांदा दाबला, उभी. तिसऱ्यांदा रेतीच्या अलीकडे मी ओरडलो, "दाब!" त्याने पूर्ण पाय रोवला. खालून फट्कन आवाज झाला आणि जीप थांबलीच नाही. चालत्या माणसाच्या वेगाने गेली आणि रेतीच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली. मागे जमिनीवर तेलाची ओली रेघ.

कोणाला काही लागलं नव्हतं. पण किशोर खाली उतरेना. मी दार उघडलं. तो स्टिअरिंग धरून बसला होता, घामाने थबथबलेला.

"परवा याच गाडीत बायकोले अन् पोराले घाटंजीले घेऊन गेलतो," तो म्हणाला.

देविदासभाऊ रेतीपाशी उभे होते. ते जीपकडे पाहत नव्हते. "आमच्या रस्त्यात नाल्याचा उतार हाय साहेब," ते म्हणाले. "चांगला लंबा. खाली पुलाले कठडा नाई." मग त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजल्यासारखं केलं. नावं घेत होते. आठ नावं.

मी रिपोर्टचा कागद घेतला. खाली माझी सही होती, वर 'स्थिती उत्तम' होतं, माझ्याच सुबक अक्षरात. कागदाचे चार तुकडे केले. मग मी म्हणालो, "भाऊ, माझं चुकलं. तुम्ही हात घातला नसता तर मी शिक्का मारला असता."

"तुमी लोखंड पाह्यलं, मी कापूस पाह्यला," ते म्हणाले. "तुमाले काय माहीत, गाडीत कापूस रायते म्हणून."

माणूस मोठा होता, म्हणून असं म्हणाला. दुसऱ्या कोणी माझी कॉलर धरली असती तरी मी काही म्हणालो नसतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका ओळखीच्या सर्व्हेअरला फोन करून चासी नंबर सांगितला. त्याने संध्याकाळी उलट फोन केला. टोटल लॉस. तीन दिवस पाण्याखाली. "तुमच्याकडे पोचली का ती?" म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही. किशोरने इसार परत केला, तोही न मागता. जीप त्याने विकली नाही. म्हणाला, "हे गाडी रस्त्यावर नाई जाईन साहेब." मी आरसी जमा करायला त्याच्यासोबत आरटीओत गेलो. इंजिन, सीट, काचा सुट्या करून गेल्या आणि सांगाडा कापला गेला. कापला तेव्हा मी मुद्दाम उभा होतो, खात्री करायला. आता विश्वास म्हणून कोणावर ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, त्यात मी स्वतःही आलो.

पण तेवढ्याने आठ मुलींचं कॉलेज सुरू होत नव्हतं. मला झोप लागेना. माझं काम गाडी तपासायचं, शोधून द्यायचं नाही. तरी तीन दिवस मी ओळखीच्या प्रत्येक गॅरेजला फोन केले. चौथ्या दिवशी राजूरकडची एक जीप कळली. खाणीवर कामगारांची ने-आण करायची. मालक सरळ म्हणाला, "रंग गेलेला हाय, एक दार ठोकलेलं हाय, सीटा फाटल्या हायेत. चालते मात्र बराबर."

देविदासभाऊंना घेऊन मी गेलो. दिसायला अशी की फुकट दिली तरी माणूस विचार करेल. मी माझ्या पद्धतीने पाहिली. बिजागरीत कोळसा, रुळांत कोळसा, फिल्टर झटकला तर आम्ही दोघे खोकलो. सगळं झाल्यावर मी फॉर्म बंद केला आणि म्हटलं, "घाला हात."

त्यांनी बाही सारली. कोपरापर्यंत हात घातला, डोळे लावले समोरच्या बाभळीवर. हात बाहेर आला तो कोळशाने काळाकुट्ट. मूठ दाबली, उघडली. काळा असला तरी फेल्ट तळहातावर हळूहळू फुलला.

मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हा माल वरतून जसा हाय, तसाच पोटात हाय," ते म्हणाले. "हेच घेऊ."

ब्रेकची नळी मी तरीही पुढपासून मागपर्यंत नवी टाकायला लावली. व्हॅल्युएशनची फी घेतली नाही. त्यांनी द्यायचा आग्रह केला, तेव्हा मी म्हटलं, खरं तर मीच तुम्हाला द्यायला हवी. कॉलेज सुरू झाल्यावर चार दिवस उशिरा का होईना, जीप सकाळी पावणेसातला त्या खेड्यातून निघाली. पहिल्याच आठवड्यात आठ घरांतून तक्रार आली, पोरींच्या पांढऱ्या ओढण्या काळ्या होऊन येतात. देविदासभाऊंनी सीटवर जुन्या चादरी शिवून टाकल्या आणि तो प्रश्न मिटवला. तांड्यावरच्या ज्या बाईने त्यांचा हात धरला होता, तिची मुलगी पुढे नर्स झाली. तिच्या लग्नाला त्यांनी मला ओढून नेलं. जीप मांडवाच्या बाहेरच उभी होती, तशीच ठोकलेल्या दाराची.

त्या दिवसापासून माझ्या फॉर्मवर त्रेचाळीस रकाने आहेत. शेवटचा मी हाताने आखून घेतला आणि मग छापूनच घेतला: 'पोटात हात घातला?' नवीन सर्व्हेअर विचारतात, सर, हे काय आहे? मी सांगतो, पॅनलच्या आत, सीटच्या खाली, दाराच्या तळाशी, जिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे आपला पोचला पाहिजे. काही जण हसतात. हसू देतो.

आता मी गाडी पाहायला गेलो की सही करायच्या आधी मालकाकडे तांब्याभर पाणी मागतो, हात धुवायला. ज्या दिवशी हात धुवायची गरज पडत नाही, त्या दिवशी पेन खिशातच ठेवतो आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून पाहतो.